१४३ कोपरे

३ जानेवारी, रात्र

संक्रांत अकरा दिवसांवर आली म्हणून आज खत चाळायला काढलं. गॅलरीत जुनी चादर अंथरली, पावसाळ्यात भरलेला ड्रम तिच्यावर उपडा केला. खत फक्कड झालंय. काळंभोर, हाताला भुसभुशीत, वळवाच्या मातीचा वास. एरवी मी चाळायच्या भानगडीत पडत नाही. ढेकळं हातानेच फोडते आणि पिशव्या भरते. पण गेल्या वर्षी काकू म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी जरा चाळून दे हं." म्हणून वॉचमनकडून वाळूची तारेची चाळण मागून आणली.

चाळणीवर उरतं ते ठरलेलंच. आंब्याच्या कोयी, नारळाची शेंडी, अंड्यांची टरफलं. पावसाळ्यापासून हरवलेला चहाचा चमचासुद्धा निघाला, आणि त्या चमच्याला चिकटून एक निळा त्रिकोण. नखाएवढा. उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा आला, मग तीन एकदम. दुधाच्या पिशवीचे कोपरे.

केळीच्या सालाचं नामोनिशाण उरलेलं नाही त्या ड्रममध्ये. भोपळ्याच्या बियांची माती झाली, डाळिंबाच्या सालींची झाली. हे मात्र चार महिने कुजल्या-तापलेल्या ढिगात राहूनही कोरे करकरीत. एकावर छापील अक्षराचा काना शाबूत होता.

मी मोजले. मोजायला नको होते. १४३.

कसे आले हे शोधायला फार डोकं लागलं नाही. सकाळी सहाला अर्धवट झोपेत कात्री घ्यायची, कच्‌कन कोपरा उडवायचा, तो ओट्यावर पडतो. वर चहाचा चोथा, आल्याची सालं, मिरचीची देठं. मग ओटा निरपताना सगळं एका हाताने गोळा करून ओल्या कचऱ्याच्या डब्यात. रोज दोन पिशव्या. ड्रममध्ये चार महिन्यांचा कचरा आहे, म्हणजे साधारण २४० पिशव्या झाल्या. १४३ सापडले, मग उरलेले ९७ कुठे आहेत? काही सिंकमधून गेले असणार, काही चाळणीतून खाली, मी "तयार" म्हणून बाजूला केलेल्या ढिगात. आणि हा एकच ड्रम झाला. पुण्याचा उरुळी-फुरसुंगीचा कचरा डेपो २०१७ च्या उन्हाळ्यात पेटला, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हापासून आमच्या घरातून ओला कचरा बाहेर गेलेला नाही. हे वाक्य मी इतक्यांदा इतक्या लोकांना ऐकवलंय की ते आता माझ्या नावाला आडनावासारखं चिकटलंय. आठ वर्षं, दिवसाला दोन. गुणाकार केला आणि पेन खाली ठेवलं.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १४३ कोपरे ठेवून पाहिले. काटा १ ग्रॅम आणि २ ग्रॅम यांच्यात लुकलुकत राहिला. अर्ध्या लिटरची अख्खी पिशवी धुऊन, पुसून ठेवली, तर ३ ग्रॅम. म्हणजे माझं चार महिन्यांचं पाप एका पिशवीएवढंही नाही. यावर खरं तर समाधान मानायला हरकत नव्हती. पण मग आठवलं की २०१९ साली पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत आकडा दिला होता : राज्यात रोज १ कोटी दुधाच्या पिशव्या, ३१ टन प्लास्टिक. १ कोटी पिशव्यांचे कोपरे सगळ्यांनी माझ्यासारखे उडवले, तर रोजचे शंभरएक किलो नुसते त्रिकोण. पिशवी निदान भंगारवाला घेतो, वजनावर. कोपरा कोण घेणार? आणि कोण वेचणार?

वेचणं म्हटल्यावर कचरा न्यायला येणाऱ्या मावशी आठवल्या, आणि खरं खुपतंय ते इथे आहे. कोपरे खतात निघाले हे नाही खुपत. दोन वर्षांपूर्वी मावशींनी दारात उभं राहून मला सांगितलं होतं, "ताई, पिशवीला नुसती चीर द्या, कोपरा लटकत राहू द्या. सुटा झाला की आमच्या हाती लागत नाही, मातीत जातो." मला ते इतकं पटलं की मी त्याच दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. चांगलं मोठं टाकलं. खाली एका पिशवीचा फोटो, त्यावर लाल बाण. १९ जणांनी अंगठे दिले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कच्‌कन कोपरा उडवला असणार. "असणार" कसलं, उडवलाच. पुरावा चादरीवर पडलाय.

म्हणजे माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. डोक्याला माहीत होतं, हाताला कुणी कळवलं नाही.

दुपारभर मला स्वतःची फार कीव आली. खोटं कशाला लिहू? म्हटलं, मी कापडी पिशवी घेतल्याशिवाय भाजीला जात नाही. विसरले तर पदरात, ओढणीत भाजी आणते. कॉफीच्या दुकानात स्वतःचा पेला पुढे करते, तो पोरगा माझ्याकडे परग्रहावरून आल्यासारखा बघतो, तेही सोसते. आमच्याच इमारतीत दोन माणसांत तीन गाड्या आहेत. चिरंजीव वर्षातून किती विमानं बदलतात ते मी मोजत नाही, मोजलं तर भांडण होईल. आणि त्या सगळ्यांतून पकडली कोण जाते, तर गॅलरीत खत करणारी बाई. ज्यांनी ड्रमच ठेवला नाही, त्यांच्या चाळणीत काही सापडायचा प्रश्नच येत नाही.

हे सगळं मनातल्या मनात, पण चांगल्या वक्तृत्वाने चाललं होतं. मग वाण आठवलं.

२०१८ च्या २३ मार्चला राज्याची प्लास्टिकबंदी आली. (दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली होती. ५० मायक्रॉनच्या वर जाडी हवी आणि परत घ्यायची किंमत, किमान ५० पैसे, पिशवीवर छापलेली हवी, अशी अट होती. ते ५० पैसे आमच्या घरी तरी कुणी आणून दिले नाहीत.) त्याच्या पुढच्या संक्रांतीला मी हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे, गाळण्या, साबणाच्या डब्या लुटणं बंद केलं आणि घरच्या खताची पुडी द्यायला लागले. कागदी पिशवी, सुतळी, वर स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. नुसती देत नव्हते, चार शब्द बोलतही होते. त्या वर्षी जिने हौसेने गुलाबी बरण्या आणल्या होत्या, तिचा चेहरा मला आज दुपारी स्पष्ट दिसला. तेव्हा दिसला नव्हता.

आणि त्या प्रत्येक पुडीत, हळदीकुंकू लावून, तिळगुळाबरोबर, मी काय दिलं? सात संक्रांती झाल्या. तीसएक घरांतल्या तुळशी.

मायक्रोप्लास्टिक म्हणतात ते ५ मिलिमीटरच्या आतलं. माझे त्रिकोण सव्वा-दीड सेंटीमीटरचे. म्हणजे अजून वयात यायचेत. उन्हात तडकतील, खुरप्याखाली तुटतील, हळूहळू त्या गटात जातील. कुजणार नाहीत, नुसते बारीक होत राहतील.

आई विळीवर पिशवी चिरायची. हे आज किती वर्षांनी आठवलं. पाय दुमडून विळीवर बसायची, पिशवीचं टोक पात्याला टेकवून हलकेच ओढायची. चीर पडायची, तुकडा पडायचा नाही. विळीचं पातं जागचं हलत नाही, हवं तेवढंच कापलं जातं. कात्रीला दोन पाती, ती एकमेकींना भेटल्याशिवाय राहत नाहीत. मग आई पिशवी पूर्ण उलगडून धुवायची आणि ओल्या टाइलवर चापट मारून चिकटवायची. वाळली की आपोआप गळून पडे. आमच्या ओट्यामागच्या भिंतीवर कायम चार-पाच पिशव्या असायच्या, मैत्रिणी आल्या की मला लाज वाटायची. पर्यावरण हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. किलोभर साठल्या की भंगारवाला, आलेल्या पैशाची कोथिंबीर-आलं.

बाबा गिरगावातले, त्यांच्या गोष्टी त्याहून मागच्या. आरेच्या काचेच्या बाटल्या, कार्ड, पहाटेची रांग, रिकामी बाटली दिली तरच भरलेली मिळायची. वरची पातळ अॅल्युमिनियमची बुचं पोरं जमवायची. त्या बुचांचं पुढे काय व्हायचं ते बाबांना कधी विचारलं नाही.

विळी वहिनीकडे गेली. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

संध्याकाळी शेवटी काकूंकडे गेले. म्हटलं, निदान एका ठिकाणी तरी तोंडाने कबूल करावं. वाटीत दहा-बारा कोपरे नेले, पुरावा म्हणून. काकू मटार सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, जरा गळा दाटूनच सांगितलं. त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे होय! हे तर दरवर्षीच असतात."

"म्हणजे?"

"मी वेचून काढते. पहिल्या वर्षी वाटलं, निचऱ्यासाठी मुद्दाम घालत असशील. तुझं काहीतरी शास्त्र असेल."

निचऱ्यासाठी!

मग मी विचारलं, सांगितलं का नाहीत? काकूंनी एक शेंग फोडली, दाणे ताटलीत सोडले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला कोण सांगणार?"

त्या रागाने म्हणाल्या नाहीत. पाऊस पडतोय, छत्री ने, म्हणावं तशा म्हणाल्या. "म्हणून तर चाळून दे म्हटलं ना," हेही वर जोडलं.

मी पण मटार सोलायला बसले. दुसरं काय करणार? अर्धा किलो सोलून होईपर्यंत दोघीही फारसं बोललो नाही. "तुला कोण सांगणार" हे मात्र प्रत्येक शेंगेबरोबर पुन्हा फुटत होतं. गुलाबी बरणीवालीनेही वेचून काढले असतील. तीसही जणींनी काढले असतील, आणि जिन्यात भेटल्यावर मला म्हणाल्या असतील, काय सुंदर खत असतं हो तुमचं! मावशींनाच काय ते सांगावंसं वाटलं, त्यांना माझ्या भाषणांचा त्रास नव्हता. कचरा रोज हातात येतो त्यांच्या, त्यांनी मला आतून ओळखलं असणार.

उठताना काकूंनी दाण्यांची वाटी भरून दिली आणि सालं एका पातेल्यात. "ही घेऊन जा तुझ्या ड्रमला." घेतली. तेवढं हक्काचं.

रात्री चाळलेलं खत परत चाळलं, या वेळी रव्याच्या चाळणीने. नवरा टीव्हीसमोरून उठून आला, थोडा वेळ बघत उभा राहिला, आणि मग काही न बोलता बॅटरी धरून बसला. आणखी २१ निघाले. ते मोजणीत धरायचे की नाहीत यावर आमचा वाद झाला. त्याचं म्हणणं, तुकडे तुकडेच असतात. मी त्यांना वेगळ्या बरणीत टाकलं.

वाणाचं काय करायचं ते उद्या ठरवू. चिठ्ठीवर काय लिहायचं तेही. "घरच्या ओल्या कचऱ्यापासून, प्रेमाने" असं लिहायची. निदान "शुद्ध" लिहिलं नव्हतं, तेवढं नशीब.

४ जानेवारी, सकाळ

कात्रीने नुसती चीर दिली. फार काळजीपूर्वक, चष्मा लावून. लटकलेला कोपरा धारेत आडवा आला, दूध तीन वाटांनी गेलं. एक वाट पातेल्यात, एक शेगडीखाली आणि एक माझ्या बाहीत. पुसायला दहा मिनिटं. नवरा म्हणाला, "आज कोराच घेऊ चहा." आईच्या हातून दूध असं कधी सांडल्याचं आठवत नाही. एवढ्यासाठी वहिनीला फोन करावा का, असं क्षणभर वाटलं.

मावशींची घंटा वाजली. सुका डबा देऊन आले, बरण्या मात्र दाखवल्या नाहीत. परत ओट्याशी येऊन दुसरी पिशवी घेतली. डोक्यात चिठ्ठीचा मजकूर, गॅसवर पोहे, मागून बातम्या. कच्‌.

सिंकच्या जाळीपाशी अडकला होता. नखाने काढला, धुतला, बरणीत टाकला.

१४४.