तुमा बेटावरचे पूर्वज आणि केळीच्या पानांचे देणे

पापुआ न्यू गिनीच्या पूर्व टोकाला, मिल्न बे प्रांतात, ट्रोब्रियांड बेटे आहेत. किरिविना हे त्यांतले सर्वांत मोठे बेट. पोर्ट मोर्स्बीहून छोट्या विमानाने लोसुइयाजवळ उतरलो, तेव्हा तिथल्या मृत्युविधींबद्दल थोडेफार वाचून आलो होतो; परंतु त्या विधींत बायकांचे स्थान केवढे मोठे आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच उमगले.

माणूस मेला की त्याचा बलोमा, म्हणजे आत्मा, वायव्येकडच्या तुमा बेटावर जातो, असा इथला जुना विश्वास आहे. तुमा हे खरेखुरे बेट आहे. होडीने जाता येते. मृतांचे जग मात्र त्याच्या पोटात असून त्याच्या वाटेवर तोपिलेटा नावाचा राखणदार बसतो आणि मोल घेतल्याशिवाय आत सोडत नाही. म्हणूनच पूर्वी शवाजवळ घासून चकचकीत केलेली दगडी कुऱ्हाडीची पाती आणि दागिने ठेवत. वस्तू पुढे नातेवाइकांकडेच परत येत; आत्म्याबरोबर जाई ते केवळ त्या वस्तूंचे सत्त्व. तुमावर बलोमा म्हातारा झाला की कात टाकून पुन्हा तरुण होतो आणि तिथल्या जगण्याला कंटाळला की इवल्याशा गर्भरूपाने आपल्याच मातृकुळातल्या एखाद्या स्त्रीच्या उदरी येतो. या मातृकुळाला इथे ‘डाला’ म्हणतात. जमीन, नाव आणि पूर्वज सारे आईकडून मिळतात.

कोनफळाच्या कुळातल्या कंदांची सुगी आटोपल्यावर मिलामाला हा उत्सव येतो आणि त्या काळात बलोमा गावाला भेट देतात. त्यांच्यासाठी घरात शिजवलेले अन्न मांडून ठेवतात. त्यातले सत्त्व त्यांनी घेतले की ते अन्न दुसऱ्या घरी देतात. मांडणीत कंजूषी झाली तर पूर्वज रुसतात आणि अवेळी पाऊस पाडून उत्सव बिघडवतात, असे मानत. शेवटी ढोल वाजवून त्यांना रीतसर तुमाकडे परत धाडत. मराठी माणसाला पितृपक्ष आठवल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे श्राद्धाचा अधिकार मुख्यतः मुलाकडे येतो. इथे मृताचे मोठे देणे फेडायची जबाबदारी त्याच्या बहिणी आणि भाच्यांवर असते.

हे देणे निर्माण कसे होते, ते समजण्याजोगे आहे. मृताच्या स्वतःच्या कुळातल्यांनी शवाला हात लावायचा नसतो. शव धुणे, सजवणे, पुरणे, डोके भादरणे, अंगाला काळे फासणे, महिनोन्‌महिने सुतक पाळणे, हे सगळे जोडीदार आणि वडिलांकडचे नातलग करतात. पूर्वी शव उकरून काढून हाडांपासून चुन्याच्या डबीतल्या चमच्यासारख्या वस्तू बनवत आणि विधवा नवऱ्याच्या जबड्याचे हाड गळ्यात घाली. वसाहतीच्या सरकारने ती प्रथा बंद पाडली. या सेवेची परतफेड बायका सगाली नावाच्या वाटपात करतात, तेही ‘डोबा’, म्हणजे केळीच्या वाळलेल्या पानांच्या जुड्या, देऊन.

एका अंगणात डोबा तयार होताना मी बराच वेळ बसून पाहिला. केळीचे हिरवे पान कोरीव फळीवर पसरून एक बाई ते खरवडत होती आणि फळीवरची नक्षी पानावर हळूहळू उमटत होती. मग पाने उन्हात वाळतात, त्यांच्या पट्ट्या देठाकडून घट्ट बांधून जुड्या होतात. सगालीच्या दिवशी गावाच्या चौकात मृताच्या कुळातल्या बायका वर्तुळ करून बसल्या. कोणत्या सेवेचे देणे ते मोठ्याने सांगून एकीने जुड्यांचा ढीग जमिनीवर ठेवला, बाकीच्यांनी धावत येऊन त्यात भर घातली आणि ज्या नातलगाचा हक्क होता त्याने तो उचलला. लगेच दुसरे देणे. हा क्रम ऊन कलेपर्यंत चालला.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी 1915 ते 1918 या काळात इथे राहून केलेल्या कामामुळे ही बेटे जगाला माहीत झाली. तरी या जुड्यांना त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. त्यांचे मोल 1970 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅनेट वाइनर यांनी उलगडून दाखवले. पत्नीला पुरेशा जुड्या जमवता याव्यात म्हणून नवरा कंद, पानसुपारी, अलीकडे दुकानातला तांदूळही खर्च करतो आणि तो किती झटला हे तिच्या माहेरचे लोक नेमके पाहतात. आता पानांच्या जोडीला रंगीत कापडही येऊ लागले आहे. एवढा पैसा वाळलेल्या पानांत का घालवायचा, असे म्हणणारे लोक बेटावरही आहेत. मला ते पटत नाही. त्या चौकात कोणी शव धुतले, कोणी सुतक पाळले, याची नोंद गावादेखत होत होती आणि सुतक पाळणाऱ्या नातलगांचे ऋण बायका स्वतःच्या कष्टांतून फेडत होत्या.