फवारणीच्या विमानांची बंद धावपट्टी: जाणार असाल तर

पहिला अर्धा तास मी चुकीच्याच शेतात चाललो. फोनवरच्या नकाशात धावपट्टी नव्हतीच. हाताशी होता एक जुना हवाई फोटो आणि त्यात शेतांच्या चौकोनांना तिरकी छेदून गेलेली फिकट रेघ. ती तिरकी का, हे तिथे उभं राहिल्यावर समजलं: वारा बरोबर त्याच रेषेत तोंडावर येत होता. बांध माणसाच्या सोयीने पडतात, धावपट्टी वाऱ्याच्या. शोधताना ही तिरकी रेघच बघा.

जागा खासगी आहे. बंद म्हणजे बेवारस नव्हे, तेव्हा मालकांना आधी विचारा. मी आदल्या दिवशी फोन केला होता, तर ते स्वतःच सोबत आले. ते नसते तर मला निम्मंही दिसलं नसतं.

उरलंय थोडंच. विंडसॉकचा, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीचा, खांब, वर गंजलेली कडी, कापडाचा पत्ता नाही. बंद धावपट्टीवर मोठी फुली रंगवतात, असं मी वाचलं होतं. इथे मधोमध तारेचं कुंपण घातलंय, विषय संपला.

विमानातून पिकावर औषध टाकण्याचा पहिला गाजलेला प्रयोग ३ ऑगस्ट १९२१चा. अमेरिकेत ओहायोमध्ये जॉन मॅक्रेडी या वैमानिकाने कर्टिस जेनी विमानातून कटाल्पाच्या झाडांवर लेड आर्सेनेटची (शिसं आणि आर्सेनिक असलेल्या विषाची) भुकटी सोडली, अळ्या मारायला. पण खरा बहर दुसऱ्या महायुद्धानंतर आला. सैन्याची स्टिअरमन जातीची प्रशिक्षणाची विमानं स्वस्तात विकायला निघाली. पुढची बैठक काढून तिथे औषधाचा हॉपर, म्हणजे टाकी, बसवला, की विमान कामाला तयार. असं विमान गवतावरूनही उठायचं. फेऱ्या भरपूर, दर फेरीनंतर टाकी भरायला परत यायचं, म्हणून धावपट्टी शेताला जितकी लागून तितकी बरी. न्यूझीलंडमध्ये १९४९पासून डोंगरउतारांवर विमानाने खत टाकू लागले. तिथल्या कितीतरी पट्ट्या उतारावरच आहेत: चढावर उतरायचं, उतारावरून उडायचं.

मग विमानं मोठी झाली. एअर ट्रॅक्टर एटी-८०२ सुमारे ३,००० लिटर औषध घेतं आणि भरल्यावर त्याचं वजन सात टनांच्या वर जातं. असल्या धुडाला लांब, टणक पट्टी लागते. गवताची छोटी पट्टी तिथेच मागे पडली.

मालक लहानपणी झेंडा धरून शेताच्या कडेला उभे राहायचे. विमान डोक्यावरून गेलं, की ठरलेली पावलं मोजून बाजूला सरकायचं, म्हणजे पुढचा पट्टा कुठे ते वैमानिकाला कळे. जीपीएस आलं आणि झेंडेवाले गेले. “औषध अंगावर यायचं का?” मी विचारलं. “यायचं की. घरी गेल्यावर शर्ट बाहेर काढायला लावायचे, एवढंच.”

सगळ्यात नीट बघण्यासारखी जागा धावपट्टी नव्हे, तिचं टोक. तिथे फुटक्या काँक्रीटचा चौथरा आहे, टाकी भरायचा आणि विमान धुवायचा. त्याच्या उताराच्या बाजूला खोलीएवढा तुकडा उघडाच आहे. चहूकडे गुडघाभर गवत, आत चार पिवळट काड्या. “तिथे नांगर घालत नाही आम्ही,” मालक म्हणाले.

अशा ठिकाणी लांबूनच फोटो काढा. शिसं आणि आर्सेनिक ही मूलद्रव्यं आहेत, ती कुजून नाहीशी होत नाहीत. डीडीटीवर अमेरिकेत शेतीसाठी १९७२मध्ये बंदी आली, पण जमिनीत ते वर्षानुवर्षं टिकतं. माती उकरू नका, जुने डबे उघडू नका, जवळच्या विहिरीचं पाणी पिऊ नका. लहान मुलं आणि कुत्रा घरीच ठेवा. पायात बंद बूट हवेत.

जायचं तर सकाळी किंवा संध्याकाळी. तिरप्या उन्हात पट्टीचा सपाटपणा आणि चाकांच्या जुन्या चाकोऱ्या उठून दिसतात. मी भर दुपारी गेलो होतो, त्यामुळे त्या मालकांनी काठीने दाखवल्या तेव्हाच दिसल्या. आणि बूट गाडीत बसण्याआधी पुसा. मी विसरलो आणि मग पायाखालचा गालिचा दोनदा धुवावा लागला.