तुम्ही विचारलंत म्हणून: लॉन किती दिवसांनी कापता?

सकाळी फिरायला जाणारे लोक आमच्या गेटपाशी थांबतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, भाऊ, लॉन किती दिवसांनी कापता? जळगावात एप्रिलमधे कुणाच्या दारात हिरवं दिसलं की माणूस थांबणारच. पण मी "दिवस मोजत नाही" म्हटलं की त्यांना वाटतं हा सांगायचं टाळतोय. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो.

लॉन म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, गेटपासून ओट्यापर्यंत जेमतेम 600 चौरस फूट, आणि गवत म्हणजे आपली साधी हरळी. नर्सरीवाल्याने तिला कायतरी भारी इंग्रजी नाव सांगितलं होतं, पण आईने एक काडी उचलून बघितली आणि कपाळाला हात लावला. आमचं गाव अमळनेरकडे, तिची सगळी उमर काळ्या रानात निंदणी-खुरपणीत गेलेली. म्हणाली, "आम्हनी जिंदगी हरळी उपटामा गयी, अन् तू पैसा दीसन लावस!" तेव्हा मी हसलो, पण हरळीबद्दल जे काही कळलं ते तिच्याकडूनच कळलं, की ही वरून कितीही कापा, जमिनीखालच्या कांड्यांतून परत फुटते. म्हणजे कापायला भ्यायचं कारण नाही, फक्त वेळ चुकवायची नाही.

मी चुकवली. धाकट्या भावाचं लग्न मे महिन्यात, हळद घरीच, आणि मांडववाला म्हणाला गवत पार बारीक करा म्हणजे खुर्च्या हलणार नाहीत. मी मशीन सगळ्यात खालच्या खाचेवर लावली आणि एका सकाळी अख्ख्या लॉनचं मुंडण केलं. पारा 44-45 च्या आसपास. तिसऱ्या दिवशी सगळं कडब्याच्या रंगाचं, आणि आठवड्यात काळ्या मातीला बोट जाईल अशा भेगा, पाणी सोडलं की ते सरळ भेगेत गडप, वर ओल टिकेचना. हळदीचे फोटो आहेत, त्यात आम्ही सगळे पिवळे आणि खालची जमीन पण पिवळी. हरळी परत आली ती थेट पावसात, आणि तिच्याआधी लव्हाळ्याचं तण आलं, कारण उघड्या मातीवर ऊन पोचलं की त्याचं फावतंच.

नंतर कळलं की गवत अन्न तयार करतं ते हिरव्या पातीत, ती एकदम सगळी काढून घेतली की ते मुळांतलं साठवलेलं खात बसतं, त्यात मुळं पण आखडतात, आणि मातीवरची सावली जाते ते वेगळंच. म्हणून एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. दीड इंच ठेवायचंय ना, मग सव्वादोन झालं की मशीन काढायची. किती दिवसांत होईल ते पाऊसपाणी ठरवतं, मी नाही.

होळी झाली की मी उंची वाढवत नेतो, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, दोन इंच, आणि तीन झाल्याशिवाय हात लावत नाही. लोकांना ते झिपरं वाटतं, वाटू दे. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड पहाटे भरपूर द्यायचं म्हणजे मुळं खाली जातात. खालून कापायची ज्यांना फारच हौस आहे त्यांनी ती जूनमधे दोन चांगले पाऊस पडल्यावर भागवावी, तेव्हा जुनं वाळलेलं सगळं निघून जातं आणि आठ-दहा दिवसांत नवं फुटतं. मी मे महिन्यात केलं ते हेच, महिना चुकीचा.

खरी परीक्षा जुलै-ऑगस्टात. चार-पाच दिवसांत गवत वाढतं आणि नेमकं तेव्हाच कापता येत नाही, कारण ओल्या काळ्या मातीत चाकं रुततात, वळताना गवताचे लचके निघतात आणि मशीनच्या पोटात हिरवा लगदा गच्च बसतो. तो काढायला हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. झड लागली आणि गवत चार इंचांवर गेलं तर उघडीप मिळाल्यावर एकदम दीडवर आणू नका, आधी पावणेतीन, मग तीन-चार दिवसांनी पुढचं. कापलेलं बारीक असेल तर तिथेच राहू देतो, त्याचंच खत होतं. जाड थर पडला तर मात्र झाडूने ओढून घेतो, नाहीतर खाली कुजतं.

गणपतीच्या आधी आठवडाभर कडेची एक पट्टी सोडतो, गल्लीतल्या बायका दूर्वा न्यायला येतात. दूर्वा म्हणजे हीच हरळी. आईला हे सगळ्यात जास्त पटतं, लॉनचा तेवढाच उपयोग म्हणते.

पात्याच्या धारेकडे कुणी बघत नाही. कापल्यावर दुसऱ्या दिवशी खाली बसून एक पाती हातात घ्या. टोक सरळ कापलेलं असेल तर धार आहे, आणि पांढरट, रेषारेषा निघाल्यासारखं फाटलेलं असेल तर मशीन कापत नाहीये, ओरबाडतेय, लांबून लॉन करपल्यासारखं दिसतं ते त्यामुळेच, आणि माणूस उगाच युरिया टाकत बसतो. मी मशीनचं पातं काढून कानस मारतो, पावसाळ्यात महिन्याला एकदा.

थंडीचं फार काही नाही. रात्री पारा दहाच्या खाली आला की हरळी पिवळटते आणि झोपते, तीन-चार आठवड्यांनी दव वाळल्यावर मशीन वरवर फिरवली की झालं. एका भरीत पार्टीला पाव्हण्यांनी लॉनवरच कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, तो ताटाएवढा काळा डाग फेब्रुवारीपर्यंत होता. भरीत मात्र झकास झालं होतं.

तर दिवस मोजायच्या जागी माझ्याकडे केरसुणीची एक काडी आहे, तिच्यावर बॉलपेनने खुणा केल्यात, दीड, सव्वादोन, तीन. गेटच्या आत मीटरच्या पेटीवर असते. विचारण्यापेक्षा गवतात उभी करून बघा, फक्त परत ठेवा, याआधीची पोरांनी पतंगाला लावली.