जर्मनीत स्वयंपाक करायचा तर आधी पाकीट वाचा

जर्मन सुपरमार्केटात गव्हाच्या पिठाच्या पाकिटांवर टाइप 405, 550, 1050 असे आकडे छापलेले असतात. 100 ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरेल, तो हा आकडा. राख म्हणजे धान्यातली खनिजं, आणि ती दाण्याच्या सालाजवळ जास्त असतात. त्यामुळे आकडा मोठा तितका कोंडा जास्त आणि रंग गडद. 405 म्हणजे ढोबळमानाने आपला मैदा, 550 त्याहून चिवट आणि पावाला योग्य, 1050 मातकट रंगाचं. अख्ख्या गव्हाच्या पिठाला, म्हणजे ‘फोलकॉर्न’ला, आकडाच नसतो.

नवीन माणूस कणीक समजून नेमकं फोलकॉर्न उचलतो आणि मग पोळ्यांच्या कडा चिरतात. त्यातला कोंडा जाडसर असतो, तो पिठाची चिकटाई जागोजागी तोडतो. शिवाय आपल्या चक्कीवर दळताना स्टार्च चांगलाच भरडला जातो, म्हणून कणीक पाणी भरपूर पिते आणि पोळी मऊ राहते. रोलरवर दळलेलं पीठ तेवढं पाणी घेत नाही. भारतीय दुकान जवळ असेल तर सरळ आटा आणावा. नसेल तर 1050 घ्या, कोमट पाण्यात जरा सैलसर मळा, दोन चमचे तेल लावा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पुरणपोळीला मात्र 550च. 405ची पारी पुरण भरून लाटताना फाटते.

405चं खरं काम श्पेत्सलमध्ये दिसतं. अंडं घातलेल्या सैल पिठाचे उकळत्या पाण्यात शिजवलेले शेवयांसारखे तुकडे, दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागाचा हा रोजच्या जेवणातला पदार्थ. 2012 पासून ‘श्वेबिश श्पेत्सल’ या नावाला युरोपियन युनियनचं भौगोलिक संरक्षणही आहे. चार माणसांना 400 ग्रॅम पीठ, 4 अंडी, 1 चमचा मीठ आणि साधारण 150 मिलिलिटर पाणी. पाणी एकदम ओतू नका, अंडी लहानमोठी असतात. लाकडी चमच्याने पाचेक मिनिटं जोरात फेटायचं, पिठात बुडबुडे दिसेपर्यंत. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवं: चमचा उचलला की लगेच पडू नये, ताणत ताणत, तुटत ओघळावं. मग 20 ते 30 मिनिटं झाकून ठेवा. ही विश्रांती टाळली तर श्पेत्सल रबरासारखे होतात.

त्यासाठी वेगळं यंत्र मिळतं, पण घरात बुंदीचा झारा असेल तर यंत्राची गरज नाही. मोठ्या पातेल्यात मीठ घातलेलं पाणी उकळवा, झारा वर धरा आणि पीठ चमच्याच्या पाठीने भोकांतून दाबा. चुकतं ते इथे. झारा पाण्याच्या फार जवळ धरला की वाफेने पीठ भोकांतच शिजतं आणि सगळं बुजतं. वीतभर उंच धरा, थोडं थोडं पीठ घ्या, प्रत्येक घाण्यानंतर झारा गार पाण्यात बुडवा. तुकडे वर तरंगले की मिनिटभरात काढायचे. झाऱ्यातून ते लांबट न पडता गोळीवजा पडतात. त्यांना तिकडे क्नोप्फले म्हणतात आणि चवीत काही फरक नाही.

चीजबरोबर करायचे असतील तर 200 ते 250 ग्रॅम किसलेलं एमेंटालर किंवा बेर्गकेज घ्या आणि गरम श्पेत्सलवर थराथराने पसरा. वर कांदा, पण तो मंद आचेवर 20–25 मिनिटं परतलेला. बिर्याणीच्या तळलेल्या कांद्याची घाई इथे उपयोगाची नाही.

श्वाबेनचं खरं जेवण मात्र मसूर आणि श्पेत्सल. आपल्या अख्ख्या मसुरासारखीच तपकिरी डाळ, 250 ग्रॅम. कांदा, गाजर, सेलरीचा कंद परतून डाळ पाण्यात शिजवायची आणि अगदी शेवटी दोन-तीन चमचे व्हिनेगर. सोबत सॉसेज असतात. शाकाहारी घरात ते वगळलं तरी पदार्थ पुरा लागतो. व्हिनेगर आधी पडलं तर आंबटामुळे डाळ कणीदार राहते. आमटीत चिंच शेवटी का घालतात, त्याचंही हेच कारण.

डाळ न शिजण्याला इथे आणखी एक कारण असतं, ते म्हणजे पाणी. जर्मनीत पाण्याचा जडपणा अंशांत मोजतात, 14च्या वर गेलं की जड. म्युनिकचं पाणी जड म्हणूनच ओळखलं जातं. तुमच्या गावाचा आकडा पाणीपुरवठा कंपनीच्या संकेतस्थळावर सापडेल. जड पाण्यातलं कॅल्शियम कडधान्याच्या सालीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून छोले, राजमा कुकरच्या चार शिट्ट्या जास्त घेतात. भिजवतानाच पाण्यात पाव चमचा खायचा सोडा घाला. दुकानात ‘नाट्रॉन’ मागा. ‘बाकपुल्फर’ म्हणजे बेकिंग पावडर, ती नको. पाव चमच्याच्या वर गेलात तर सालं सुटतात आणि साबणासारखी चव येते.

तुर्की दुकानातून लाल मसूर आणा, तो इथल्या बाजारातला सगळ्यात स्वस्त आणि गुणी माल. मर्जिमेक चोर्बासीला, म्हणजे तुर्की मसुराच्या सुपाला, 200 ग्रॅम डाळ, एक कांदा, एक गाजर, एक बटाटा, चमचाभर टोमॅटोची पेस्ट आणि सव्वा लिटर पाणी. शिजलं की मिक्सरमधून गुळगुळीत करा. वरची फोडणी दोन चमचे लोण्याची, त्यात पुल बिबेर, म्हणजे भरड लाल मिरची. सेरान, म्हणजे काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी, बंद केली तरी काच बराच वेळ तापलेली राहते, हे लक्षात ठेवा. लोणी फेसाळलं की भांडं शेगडीवरून उचला आणि मिरची त्यानंतर घाला. शेगडीवरच राहिलं तर मिरची क्षणात काळी पडते आणि सगळं सूप कडवट होतं. लिंबू ताटात पिळायचं.

पिझ्झ्याला टाइप 550चं 500 ग्रॅम पीठ, 325 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ आणि कोरडं यीस्ट फक्त पाव चमचा. यीस्टचं अख्खं 7 ग्रॅमचं पाकीट घातलं तर तासाभरात फुगतं खरं, पण चवीला नुसतं यीस्ट लागतं. फ्रिजमध्ये 24 तास ठेवा, तीन गोळे होतील. ओव्हन 250 अंशांवर, आतला ट्रे पाऊण तास तापवलेला. मोझरेला आधी निथळू द्या, नाहीतर मधोमध पाणी साचतं.

रवा घेताना पाकिटावर ‘हार्टवाइत्सन’ शोधा. ‘वाइशवाइत्सन’चा रवा मऊ गव्हाचा, तो जर्मन मुलांच्या दुधातल्या खिरीसाठी ठीक, त्याचा उपमा लगद्यासारखा होतो. बटाट्याचंही तसंच. ‘मेलिगकोखेंड’ लिहिलेला बटाटा उकडल्यावर भुसभुशीत होतो, न्योकी (बटाट्याचे इटालियन गोळे) आणि पराठ्याच्या सारणाला तोच. रस्सा भाजीत तो विरघळतो, तिथे ‘फेस्टकोखेंड’. बटाटेवड्याला मधला, ‘फोरवीगेंड फेस्टकोखेंड’ घ्या, आणि सारण गार झाल्याशिवाय गोळे वळू नका.