लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील जुने वनस्पतिसंग्रह

साउथ केन्सिंग्टनच्या या संग्रहालयात बहुतेक प्रवासी डायनोसॉरचे सांगाडे पाहायला जातात. मी गेलो होतो ते दाबून वाळवलेल्या वनस्पतींसाठी. संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही, परंतु हे संग्रह दालनांत मांडलेले नसतात. ते पाहण्यासाठी अभ्यासाचे कारण कळवून आधी वेळ घ्यावी लागते.

ब्रिटनमधील वैद्य व संग्राहक हान्स स्लोन यांचा संग्रह २६५ बांधीव खंडांचा आहे. १६८७ ते १६८९ या काळात जमैकात त्यांनी गोळा केलेल्या वनस्पती त्यात आहेत. तेथील गुलाम आफ्रिकी लोकांनी सांगितलेल्या माहितीवर हे काम बरेचसे उभे होते, आणि ती जाण ठेवूनच हे खंड पाहावेत, असे मला मनापासून वाटते.

मराठी वाचकाने पॉल हर्मन यांचा संग्रह मात्र चुकवू नये. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या या वैद्याने १६७०च्या दशकात सिलोनमध्ये जमवलेल्या वनस्पतींच्या आधारे, वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७४७ साली तेथील वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. आपल्या परिचयाचा नागचाफा आणि पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणारी कळलावी त्यात आहेत. एखाद्या शास्त्रीय नावाबद्दल वाद झाला, तर अभ्यासक आजही याच पानांकडे वळतात.

सर्वांत देखणा संग्रह हॉलंडमधील श्रीमंत व्यापारी जॉर्ज क्लिफर्ड यांचा. त्यांच्या बागेतील वनस्पतींचे वर्णन तरुण लिनियसने केले होते. येथे वाळलेल्या फांदीच्या तळाशी छापील नक्षीदार कुंडीचे चित्र चिकटवलेले असते, त्यामुळे फांदी त्या कुंडीतूनच उगवल्यासारखी दिसते. चिकटवणाऱ्याने देठ कुंडीच्या काठाशी इतका नेमका जुळवला आहे की नजर तेथेच खिळते.

जाण्यापूर्वी हर्मन आणि क्लिफर्ड यांच्या संग्रहांची छायाचित्रे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावीत आणि ज्या वनस्पती पाहायच्या आहेत त्यांचे खंड व पृष्ठ क्रमांक टिपून पत्रात कळवावेत. ‘जुने नमुने पाहायचे आहेत’ एवढ्या मोघम विनंतीपेक्षा नेमकी यादी देणे केव्हाही चांगले. टिपणांसाठी शिसपेन्सिल न्यावी, नमुन्यांजवळ शाई नको. सुटा कागद कधीही पालथा करू नये, कारण सुटलेले बी किंवा पाकळी पडली की ती कोणत्या नमुन्याची हे ठरवणे अवघड होते. संग्रहालयाचे नवे संशोधन केंद्र लंडनच्या पश्चिमेला रेडिंग शहराजवळ उभे राहत असल्याने, आपल्याला हवा असलेला संग्रह त्या वेळी कोठे असेल, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्यावे.