‘भरली’ म्हणाले होते मीच

डिसेंबरात आमच्या ड्रेसिंग रूममध्ये कोयत्याच्या जखमा नेहमीच्याच. ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात उतरलेल्या असतात. त्या दिवशी आलेली पंचविशीतली बाई माझ्या ओळखीची होती. नऊ दिवसांपूर्वी तिच्या नडगीवर टाके घातले होते, धनुर्वाताचं इंजेक्शनही मीच दिलं होतं.

पट्टी सोडली आणि पाहतच राहिले. टाके गायब, जखम उलून बोटभर फाकलेली, आत माती आणि उसाचं पाचट.

“टाके कुणी काढले?”

“मीच, बिलेडनं. ताई, परवा तुम्हीच म्हणलात ना, भरली म्हणून.”

म्हणाले होते खरी. चूक माझीच. वरून जखम मिटलेली दिसत होती, आणि ती मिटतेही लवकर: नीट शिवलेल्या कापावर कडेच्या पेशी सरकत येऊन एक-दोन दिवसांत पातळ पापुद्रा धरतात. खालचं काम मात्र तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. आधी पांढऱ्या पेशी घाण साफ करतात, मग कोलॅजनचे, म्हणजे कातडीला बळ देणाऱ्या प्रथिनाचे, धागे विणले जातात. सातव्या दिवशी त्या विणीत मूळ कातडीच्या 10 टक्केही जोर नसतो. पायाचे टाके आम्ही 10 ते 14 दिवस ठेवतो ते यासाठीच. हिने आठव्या दिवशी काढले आणि नवव्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढली. मजुरीची उचल आगाऊ घेतलेली, खाडा परवडत नाही.

“आता परत शिवा,” ती म्हणाली. डॉक्टर ‘नको’ म्हणाले. घाण आत कोंडून वर टाके घातले तर पू धरणारच. जखम उघडी ठेवून तळापासून भरू द्यायची. सलाईनने धू, मेलेलं मांस काप, ओलं गॉज ठेव, असं रोज. हळद तेवढी लावू नकोस, हे तिला तीनदा बजावलं.

पाच-सहा दिवसांनी गॉज उचललं तर तळ डाळिंबाच्या दाण्यांसारखा लालबुंद, खडबडीत. नुसतं टेकलं तरी रक्त आलं. ती घाबरली आणि मी खूश! ते दाणे म्हणजे नव्या, कोवळ्या रक्तवाहिन्यांची जाळी. त्या तळाला हात लावला तरी फारसं दुखत नाही, कडांना मात्र झोंबतं. पुढे कडाही आत ओढल्या जाऊ लागल्या, जखम दर आठवड्याला आणखी लहान दिसायची.

या वेळी ‘भरली’ हा शब्द मी तोंडातून काढला नाही. उलट हिशेबच सांगितला: बुजल्यावरही तीन आठवड्यांनी जेमतेम 20 टक्के जोर, तीन महिन्यांनी 80, आणि पूर्वीइतका पुन्हा कधीच नाही.

“मग मोळी कधी उचलू?”

“तीन महिने नको.”

ती हसायलाच लागली. “तवर कारखान्याचा पट्टा पडंल, हंगामच संपंल की, ताई.”