काड्यांखाली जिवंत पळस

जूनचा पहिला आठवडा होता, पावसाचा पत्ता नव्हता. नागपूरच्या बेसा भागातल्या एका लेआउटच्या मोकळ्या जागेवर सकाळीच रहिवासी समितीची मंडळी जमली होती. गेटपाशी कोनोकार्पस या परदेशी झाडाच्या रोपांनी भरलेला छोटा हत्ती टेम्पो उभा होता.

आदल्या पावसाळ्यात आम्ही तिथे बहावा, शिवण, बेहडा, कवठ आणि एक अख्खी रांग पळस लावला होता. बाकीचं बरं होतं. पळसाच्या रांगेत मात्र नुसत्या काड्या उरल्या होत्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, आणि आता शेंडा हातात धरला की कटकन मोडत होता.

सचिव काका म्हणाले, "हे तं सारे मेले ना भाऊ. लोकं मलेच इचारतात, वर्गणीचे पैसे कुठं गेले म्हणून." घरोघर फिरून वर्गणी त्यांनीच जमवली होती. त्यांचा प्रश्न रास्तच होता.

मी म्हटलं, "काकाजी, यातलं एक रोप मला खोदू द्या. मेलेलं निघालं तर गाडी खाली करायला मीच हात लावतो."

काळी माती त्या दिवसांत दगडासारखी होते आणि तिच्या भेगांत अख्खा हात जातो. रोपापासून वीतभर लांब सब्बल लावून आम्ही हळूहळू कड उकरत गेलो. वरची काडी पेन्सिलीएवढी होती, खालचं मूळ निघालं अंगठ्याहून जाड आणि सरळसोट. दोन फूट खोदलं तरी टोक लागेना. नखानं साल खरवडली तर आत ओल होती. मातीच्या पातळीला, काडीच्या बुडाशी, दोन फुगीर डोळे दिसले. मंडळी वाकून बघायला लागली. काकांनी स्वतः बोट लावून ओल पाहिली.

पळस पहिली काही वर्षं असाच वागतो. उन्हाळ्यात वरचं वाळून जातं आणि पावसात बुडातून नवा फुटवा येतो. दरम्यान सगळी कमाई मुळात साठते. सागाचंही असंच. काळी माती सुकली की भेगा पडतात आणि वरच्या थरातली बारीक मुळं तुटतात, त्यामुळे खोल गेलेलं झाडच इथं तगतं. हे मी सांगतच होतो, तेवढ्यात कट्ट्यावरच्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या वावराच्या धुऱ्यावर पळस दरसाल वाळे अन् दरसाल फुटे. कोनी पानी नाही टाके त्याले." माझ्या बोलण्यापेक्षा त्या एका वाक्यानं जास्त काम केलं.

कोनोकार्पसबद्दलही मी तिथंच बोललो. ही जात पूर्व आफ्रिकेतल्या सोमालियाकडची. झपाट्यानं वाढते, बारमाही हिरवी दिसते, म्हणून ठेकेदारांना आवडते. तिची मुळं गटारांत आणि पाइपांत घुसतात आणि परागकणांचा त्रास होतो, अशा तक्रारींवरून गुजरात सरकारनं २०२३ मध्ये तिच्या लागवडीवर बंदी घातली. पळसाला फाल्गुनात फुलं आली की शिंजीर, साळुंक्या, कावळे दिवसभर झाडावर असतात. आपल्याच गावच्या झाडाला दोन-चार उन्हाळे द्यायला आपण तयार नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गाडी परत गेली. पण रस्त्याच्या बाजूला लवकर काहीतरी हिरवं दिसावं, ही समितीची मागणी मला पटली. तिथे करंज लावायचा ठरला. तोही इथलाच, लवकर वाढतो आणि सावलीही दाट देतो. मोकळ्या जागेत कार्पेट लॉन लावायचं की नाही, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. उन्हाळ्यात त्याला टँकर लागेल, हे मी दर बैठकीत सांगतो.

पाऊस झाल्यावर बहुतेक काड्यांच्या बुडातून तीन-तीन पानांचे फुटवे आले. काही खड्डे रिकामेच राहिले. तिथे पिशवीतली रोपं लावायची नाहीत असं ठरवलं, कारण पिशवीत पळसाचं मूळ तळाशी गुंडाळतं आणि मग ते सरळ खाली जात नाही. आजींनी गावाहून शेंगा मागवल्या. चपटी, कागदासारखी शेंग, तिच्या टोकाला एकच बी. ते ताजं असतानाच मुलांना सोबत घेऊन जागेवर टोकलं. कुंपणाच्या आत गवत वाढलं की कापणी करणाऱ्यांच्या विळ्यातून हे कोंब वाचावेत, म्हणून प्रत्येक ठिकाणी बांबूची काठी रोवली आहे. येत्या मे महिन्यात त्या रोपांचीही पानं वाळतील, हे समितीच्या वहीत आत्ताच लिहून ठेवलं आहे.